दहा हजार एमएएचचा फोन की जुन्यात नवा सेल? कट्ट्यावरचा वाद

"बाजारात दहा हजार एमएएच येऊन राहिले, आणि तुम्ही मला जुन्याच फोनात सेल टाकायला सांगता?"

गोलूच्या या वाक्यावरून वाद पेटला. प्रश्न सरळ होता. पाच हजार एमएएचचा फोन (एमएएच म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप), वापर तीन वर्षांचा, काम दिवसभर पार्सल पोचवायचं, आणि दुपारी तीनलाच बॅटरी पंधरा टक्क्यांवर. नवा घ्यायचा, थांबायचं की बॅटरी (म्हणजेच आतला सेल) बदलायची? धरमपेठेतल्या आमच्या कट्ट्यावर तेव्हा तिघं होते: सीताबर्डीत मोबाइल दुरुस्त करणारे राजूभाऊ, पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे मास्तर, आणि अँड्रॉइड अ‍ॅप बनवणारी स्नेहल. दोन चहा होईपर्यंत जे बोलणं झालं ते फोन घेणाऱ्या कुणाच्याही कामाचं आहे, म्हणून लिहून काढलं.

गोलूच्या म्हणण्यात दम होता. २०२० च्या गॅलेक्सी एस२० अल्ट्रात ५,००० एमएएचची बॅटरी होती आणि २०२५ च्या एस२५ अल्ट्रातही तेवढीच. दुसरीकडे वनप्लस १५ मध्ये ७,३००, आणि जानेवारी २०२६ मध्ये भारतात आलेल्या रिअलमी पी४ पॉवरमध्ये १०,००१. "एकाला जमतं, तर दुसऱ्याला का नाही?"

"कारण सेलमधला माल बदलला," मास्तर म्हणाले. "आजवर अ‍ॅनोड (चार्ज होताना लिथियम साठवणारी बाजू) ग्रॅफाइटचा असायचा. एक ग्रॅम ग्रॅफाइट जास्तीत जास्त ३७२ एमएएच साठवतं. सिलिकॉन त्याच्या नऊ-दहा पट साठवतं."

"मग फोन पन्नास हजार एमएएचचा का नाही होत?"

"दोन कारणं. सेलमध्ये अ‍ॅनोड हा एक भाग. समोरचा कॅथोड, मधला पडदा, तांब्या-अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे हे सगळं तेच राहतं. आणि सिलिकॉन फुगतं. चार्ज होताना ग्रॅफाइट दहाएक टक्के फुगतं, सिलिकॉन जवळपास चौपट होतं. रोज फुगायचं, रोज आक्रसायचं, त्यात कण फुटतो. फुटला की नवा उघडा पृष्ठभाग, त्यावर इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे सेलमधल्या द्रावाची, नवी साय धरते, आणि त्या सायीत लिथियम कायमचं अडकतं. म्हणून सिलिकॉन अगदी बारीक करून कार्बनच्या सच्छिद्र सांगाड्यात बसवतात, फुगायला आतच जागा मिळते. याला सिलिकॉन-कार्बन म्हणतात. फोनमध्ये ते पहिल्यांदा आणलं ऑनरने, २०२३ मध्ये, मॅजिक ५ प्रोच्या चिनी आवृत्तीत. सिलिकॉनचं प्रमाण बहुतेक फोनांत अजून दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपासच आहे."

राजूभाऊंना हेच खटकत होतं. "म्हणजे फुगणारी वस्तू, आणि ती आपल्या नागपुरात. मे महिन्यात ४५ डिग्री, फोन गाडीच्या हँडलवर, वर ऊन, आत नेव्हिगेशन, ब्राइटनेस फुल, आणि खालून चार्जरची वायर लावलेली. ग्रॅफाइटचा सेल याच्यात दोन वर्षांत पाठ उचलतो. हा नवा किती टिकतो ते चार उन्हाळे गेल्यावर सांगा."

"उन्हाचं बरोबर आहे," मास्तर म्हणाले, "पण ते दोन्ही सेलना लागू. भरलेला सेल आणि उष्णता हे एकत्र आले की नुकसान. आजचे सेल फुल चार्ज झाले की ४.४५ व्होल्टच्या आसपास असतात. तेवढ्या व्होल्टेजला गरम राहिले की इलेक्ट्रोलाइट मोडतं, वायू तयार होतो, सेल फुगतो. तोच सेल अर्धा भरलेला असताना तेवढ्याच उन्हात कितीतरी कमी झिजतो. म्हणून गोलू, उन्हात हँडलवर लावून चार्ज करणं आधी बंद कर. चार्जिंग सकाळी घरी, नाहीतर दुपारी सावलीत, कव्हर काढून. आणि गरम झालेला फोन फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, आत दव धरतं."

इथे स्नेहलने वाद फिरवला, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात कामाचा मुद्दा तिचाच होता. "तुम्ही दोघं एमएएचवरच बोलून राहिले. याच्या फोनाचं दिवसाला चक्र किती होतं ते कुणी विचारलं का?"

चक्र म्हणजे एकूण शंभर टक्के खर्च. आज पन्नास आणि उद्या पन्नास वापरले तर मिळून एक चक्र. गोलू दिवसाला शंभर टक्के संपवून वर पुन्हा वीसेक टक्के वापरतो. म्हणजे दिवसाला १.२ चक्रं. वर्षाचे कामाचे ३०० दिवस धरले तर तीन वर्षांत १,०८०.

"अ‍ॅपलच आयफोन १४ पर्यंतच्या फोनांना ५०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता सांगतं, आयफोन १५ पासून १,००० नंतर," ती म्हणाली. "युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे, ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के उरले पाहिजेत. तुझा सेल हजार चक्रं करून दमला. तो खराब निघाला असं नाही, त्याचं काम झालं."

गोलूने लगेच पकडलं. "मग दहा हजारवाल्यात हेच काम ०.६ चक्रात होईल. तीन वर्षांत ५४०!"

"हाव," मास्तर म्हणाले. "मोठ्या बॅटरीचा खरा फायदा हाच आहे. दोन दिवस चालते हा नाही. सात हजारवाली बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवली तरी ५,६०० हातात राहतात, म्हणजे तुझ्या आजच्या फोनाच्या फुल चार्जपेक्षा जास्त. वरच्या व्होल्टेजला ती कधी जातच नाही. व्होल्टेज ०.१ने कमी ठेवलं की आयुष्य दुपटीच्या जवळ जातं, असा ढोबळ ठोकताळा आहे."

ही सोय बहुतेक फोनांत आली आहे. गॅलेक्सीत सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी प्रोटेक्शन, तिथे 'मॅक्सिमम'. आयफोन १५ आणि पुढच्यांत सेटिंग्ज, बॅटरी, चार्जिंग, तिथे ८० ते १०० मधली मर्यादा पाच-पाचच्या टप्प्याने. पिक्सेलमध्येही ८० ची मर्यादा आहे.

"आणि जो दुपारी तीनला मरतो त्याला ऐंशीवर थांबव म्हणता?" राजूभाऊंचा आवाज चढला. "त्याच्या आजच्या फोनाला हा सल्ला चालत नाही. आधी आज सेलमध्ये किती उरलं ते मोजा."

मोजायची त्यांची पद्धत अशी. एक साधा यूएसबी मीटर घ्यायचा, वॉट-तास, म्हणजे एकूण किती ऊर्जा गेली ते दाखवणारा. फोन आपोआप बंद होईपर्यंत उतरवायचा. मग बंद अवस्थेतच, मीटर मध्ये लावून, शंभरपर्यंत चार्ज करायचा. ५,००० एमएएच गुणिले ३.८५ व्होल्ट म्हणजे १९.२५ वॉट-तास. चार्जिंगमध्ये साधारण १५ टक्के उष्णतेत जातात, म्हणून नव्या सेलला मीटरवर २२-२३ दिसायला हवेत. १७ दिसले, तर सेलमध्ये साडेचौदाच्या आसपास गेले, म्हणजे ७५ टक्के उरलेत. सेल बदलायची वेळ झाली.

"आणि मोजताना एमएएचची तुलना करू नका," मास्तरांनी मध्येच जोडलं. "दहा हजारची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टला ३७ वॉट-तास. बाहेर ५ व्होल्टला देताना तिच्यावरच बारीक अक्षरात सहा हजारच्या आसपास लिहिलेलं असतं. खरी तुलना वॉट-तासांची. खोक्यावरचं 'टिपिकल'ही सरासरी असते, 'रेटेड' वाचा, ती किमान."

वॉट-तासांवरून निघालेली आणखी एक गोष्ट गोलूला पटेना. तोच फोन एका देशात मोठ्या बॅटरीचा आणि दुसऱ्यात छोट्या का? नथिंग फोन ३ भारतात ५,५००, बाहेर ५,१५०. याच्यामागे वाहतुकीचे नियम असल्याचं सांगितलं जातं. एका सेलमध्ये २० वॉट-तासांपेक्षा जास्त ऊर्जा असली की तो धोकादायक मालाच्या कडक नियमांत जातो, पॅकिंग आणि कागदपत्रं वाढतात. ३.८५ व्होल्टला ही रेघ ५,२०० एमएएचच्या जरा अलीकडे पडते. मास्तरांच्या मते ५,००० हा आकडा इतकी वर्षं चिकटून राहिला त्यात या रेघेचा हात आहे. वाट एकच, दोन सेल. वनप्लस १३ मध्ये ६,००० एमएएच ३,००० च्या दोन सेलमध्ये विभागले आहेत. दोन सेल एकामागे एक जोडले की चार्जिंगचा करंट अर्धा होतो आणि उष्णताही घटते, हा वरचा लाभ.

"थांबायचं म्हणत असशील तर कशासाठी थांबतो ते बोल," स्नेहलने गोलूला विचारलं.

"दोन नॅनोमीटरची चिप. आणि मागचं झाकण काढून बॅटरी बदलता येणारे फोन. युरोपचा कायदा येऊन राहिला ना?"

चिपचं तिने दोन वाक्यांत उरकलं. चिप बनवणाऱ्या टीएसएमसी कंपनीचं म्हणणं, तेवढ्याच वेगाला आधीच्या ३ नॅनोमीटरपेक्षा २५ ते ३० टक्के कमी वीज. पण ही बचत फक्त प्रोसेसरची. "तुझ्या कामात प्रोसेसर नाही खात, स्क्रीन आणि मोडेम (नेटवर्क धरणारा भाग) खातो. पूर्ण ब्राइटनेसचा स्क्रीन, चालू जीपीएस आणि नेटवर्क. तळघरात, लिफ्टपाशी सिग्नल पडला की फोन टॉवरला पोचायला ताकद वाढवत बसतो. जिओचं ५जी स्टँडअलोन आहे, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालतं, एअरटेलने सुरुवात नॉन-स्टँडअलोनने केली, त्यात ४जी आणि ५जी दोन्हीचा दुवा एकत्र धरावा लागतो. पत्ता शोधायला ४जी पुरतं. कामाच्या वेळात नेटवर्क ४जीवर ठेव, एक आठवडा फरक बघ. सेटिंग्जमध्ये बॅटरी वापर उघड, जे अ‍ॅप मागे पळतं पण कामाचं नाही त्याला 'रिस्ट्रिक्टेड' कर. डिलिव्हरीच्या अ‍ॅपला मात्र करू नको, ऑर्डर उशिरा वाजेल."

कायद्यावर राजूभाऊंनी हात घातला, कारण त्यांचा धंदाच तो. युरोपचा बॅटरी नियम १८ फेब्रुवारी २०२७ पासून म्हणतो की वापरणाऱ्याला बाजारात मिळणाऱ्या हत्यारांनी बॅटरी काढता आली पाहिजे. "पण त्यातली पळवाट वाच. फोनांसाठीच्या वेगळ्या नियमात सूट आहे. ५०० चक्रांनंतर ८३ टक्के, १,००० नंतर ८० टक्के, वर धूळबंद आणि पाण्यात टिकणारा असेल, तर बॅटरी कारागिरानेच बदलायची चालते. महागडे फोन याच वाटेने जातील. नखाने उघडणारं झाकण परत येईल म्हणून थांबू नको. आणि तो कायदा तिकडचा. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने २०२५ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाचा, म्हणजे फोन दुरुस्त करायला किती सोपा ते सांगणाऱ्या गुणांचा, अहवाल दिला, पण दुकानातल्या खोक्यावर अजून काही दिसत नाही."

"सेल चिकटवायच्या डिंकाचं तरी सुधारलं न?" मास्तर म्हणाले. आयफोन १६ मधला डिंक विजेने सुटतो. ९ व्होल्टची बॅटरी दीडेक मिनिट लावली की सेल आपोआप मोकळा होतो.

"हाव, ते खरंच चांगलं. बाकीच्यांत अजून ओढाओढी." मग राजूभाऊंनी गोलूला नीट समजावलं, की सेल बदलताना समोर उभं राहून काय बघायचं. मागचं झाकण ७०-८० डिग्रीच्या पॅडवर गरम करतात, सरळ हॉट एअर गन मारू देऊ नये. झाकण उघडलं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, दुसरा कुठलाही स्क्रू त्यानंतर. डिंकाची पट्टी असेल तर ती सपाट कोनात हळू ओढायची. तुटली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-चार थेंब कडेने सोडून दोन मिनिटं थांबायचं, मग प्लास्टिकचं कार्ड. लोखंडी पट्टी घातली की सेल वाकतो, आतला पडदा फाटतो. त्या वेळी दिसत नाही, नंतर पेटतो. वाकलेला सेल परत बसवायचाच नाही. शेवटी कडेचा डिंक नवा लावून घ्यायचा, आणि तरीही फोन पाण्यापासून पहिल्यासारखा सुरक्षित राहिला असं धरायचं नाही.

"आणि सेल कंपनीचा," ते म्हणाले. "बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नंबर, बनवल्याची तारीख बघ. दोन वर्षं पेटीत पडलेला 'नवा' सेलही झिजलेला असतो. जुन्या पाच हजारच्या मापात सहा हजार लिहिलेला मिळाला तर घेऊच नको, तेवढ्या जागेत ते मावत नाही."

तरी मास्तर नव्या फोनाच्या बाजूचेच राहिले. चक्रांचा हिशोब गोलूसारख्या वापरात मोठ्या बॅटरीकडेच झुकतो, असं ते शेवटपर्यंत म्हणत होते. सिलिकॉनची एक उणीव त्यांनी लपवली नाही: उतरत्या टोकाला त्याचं व्होल्टेज लवकर घसरतं, म्हणून फोनातली वीज-चिप कमी व्होल्टेजला चालणारी नसेल तर शेवटचे दहा टक्के अचानक संपतात. घेताना तपासायचं तर दुकानातल्या परीक्षणात दिसणार नाही, सहा महिने वापरलेल्या लोकांना विचारावं लागेल. राजूभाऊंचं उत्तर ठरलेलं: त्या मॉडेलचा सुटा सेल नागपुरात मिळतो का ते आधी विचार, मग फोन घे.

माझं मत राजूभाऊंकडे झुकतं, निदान या उन्हाळ्यापुरतं. गोलूचा फोन बाकी धडधाकट आहे, स्क्रीन ठीक आहे, सुरक्षा अपडेट येत आहेत. नवा सेल पडला की तो पुन्हा पाच हजारचा होतो. दहा हजारवाल्यांचे पहिले दोन उन्हाळे दुसऱ्यांच्या हँडलवर जाऊ देत.

गोलू थोडा वेळ मीटरचा आकडा मनात जुळवत बसला. "रविवारी येऊ का दुकानात?"

"ये. पण फुल चार्ज करून आणू नको," राजूभाऊ म्हणाले. "२५ टक्क्यांच्या खाली उतरवून आण. उघडताना चुकून सेलला धक्का लागला, तर भरलेला सेल जास्त भडकतो."