शॉर्टवेव्ह घड्याळ किटला दोन तारे : दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

अभिप्राय वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: रेडिओवरचे वेळेचे ठोके ऐकून आमच्या किटने लावलेलं लॅपटॉपचं घड्याळ मित्राच्या जीपीएसशी ताडलं तर २० मिलिसेकंद पुढे निघालं, प्रोग्रॅम मधूनच पाच-पाच मिनिटं गप्प बसतो, मध्येच चिनी बाई बोलते, दिवसा नुसती खरखर, आणि तारीख हातानेच घालायची तर ‘आपोआप’ काय?

२० मिलिसेकंदांची चूक पूर्णपणे आमची. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं एटीए हे वेळेचे ठोके देणारं रेडिओ केंद्र होतं तोवर चीनकडे कान लावायची गरज नव्हती. आता आपल्याकडे १० मेगाहर्ट्झवर जी टिकटिक ऐकू येते, ती मुख्यतः शाआन्शी प्रांतातल्या पुचेंगच्या बीपीएम केंद्राची. हे केंद्र यूटीसीचे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे ठोके मुळातच २० मिलिसेकंद आधी सोडतं. तिथून पुणे जवळपास ४,००० किलोमीटर. आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवर आपटत यायला सिग्नलला १४ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. हे १४ आम्ही हिशेबात धरले आणि ते २० विसरलो. काहीच दुरुस्ती केली नसती तर घड्याळ सहाच मिलिसेकंद चुकलं असतं! अर्धवट शहाणपण ते हेच. तुमच्या कॅमेऱ्याची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची आहे असं म्हणून हात झटकता आले असते, पण तारा चंद्राआड नेमका कधी गेला हे टिपायला माणूस रात्र जागवतो, तिथे अर्धी फ्रेमही मोठी. त्या रात्रीच्या सगळ्या वेळांतून २० मिलिसेकंद वजा करा, निरीक्षण वाया जाणार नाही.

गप्प बसण्याचं मात्र वेगळं आहे. बीपीएमचं वेळापत्रक अर्ध्या तासाचं. पहिली १० मिनिटं ठोके, पुढची ५ मिनिटं नुसती वाहक लहर, म्हणजे ठोक्यांविना कोरा सिग्नल, मग पुन्हा १० मिनिटं ठोके. २५ ते २९ या मिनिटांत येतात ते यूटी१ चे, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यावर बेतलेले ठोके. ते यूटीसीपेक्षा थोडे मागेपुढे असतात, म्हणून प्रोग्रॅम ते जाणूनबुजून सोडून देतो. शेवटच्या मिनिटात केंद्र आपलं नाव सांगतं, आधी मोर्समध्ये आणि मग त्या बाईंच्या आवाजात. पुढच्या अर्ध्या तासात पुन्हा तेच. (आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे हे चक्र आपल्या घड्याळातही त्याच मिनिटांवर येतं.) प्रोग्रॅम अडकलेला नसतो, थांबलेला असतो. पण पडद्यावर तसं एक वाक्य यायला हवं होतं, ते आता टाकलंय.

तारखेबद्दल वाद नाही, शब्द आम्ही सैल वापरला. हे ठोके फक्त सेकंद दाखवतात आणि लांब ठोका मिनिट दाखवतो. तास, तारीख त्यांतून आम्ही वाचत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डब्ल्यूडब्ल्यूव्ही केंद्राच्या प्रसारणात तारखेसह सगळं सांकेतिक रूपात असतं आणि एनटीपी या संगणकाचं घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते वाचायची सोयही आहे, पण पुण्यात बसून त्या केंद्रावर विसंबता येत नाही. म्हणून लॅपटॉपचं घड्याळ आधी अर्ध्या मिनिटाच्या आत असावं लागतं. पाकिटावरचा ‘आपोआप’ खोडतोय.

दिवसाच्या खरखरीचा दोष मी घेणार नाही. तुम्ही रिसीव्हर दिवसभर ५ मेगाहर्ट्झवर ठेवला होता, असं तुम्हीच लिहिलंय. दिवसा आयनांबराचा खालचा थर ती लहर गिळून टाकतो. सकाळी साडेसहा ते दुपारी अडीचपर्यंत १५ वर ऐका, रात्री ५ किंवा १०. हे माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर आहे; मागचं पान कुणी वाचत नाही, हे आमच्याही अनुभवाचंच.

आणि एक. मोकळं आकाश असेल तर जीपीएस मॉड्यूल घ्या, स्वस्त पडेल आणि जास्त अचूक, हे तेव्हा तपकीर गल्लीत काउंटरवरच सांगितलं होतं. ‘मला रेडिओच हवा’ हे तुमचं उत्तर मला आवडलं होतं, म्हणून तर हा अभिप्राय जरा लागला.

दुरुस्त प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर तयार आहे, फुकट. किट नकोच असेल तर पावती आणा, पूर्ण पैसे परत. ठेवणार असाल तर येताना रिसीव्हरबरोबर लॅपटॉपचा चार्जरही आणा. रात्रीही थोडी खरखर राहते म्हणालात ना, माझा संशय त्याच्यावर आहे.