आईला बसायला स्टूल दिलं म्हणून

आज दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. आईला घेऊन कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात गेले होते. तिच्या गुडघ्यांचं तुम्हाला माहितीये. दोन मजले, एसी, मंद गाणी, मस्त सुवास, आणि बसायला खुर्ची नाही. एकही नाही! आई रॅकचा दांडा धरून उभी होती, मी म्हटलं चल, जाऊया घरी. तेवढ्यात तिथल्या एका मुलीने पाहिलं, ट्रायल रूमपासचं स्टूल उचलून आणलं आणि म्हणाली, "काकू, बसा तुम्ही, मी साइज काढून आणते." आई बसली. थोड्या वेळाने फ्लोअर मॅनेजर आला आणि आमच्या देखत तिला झापलं, डिस्प्लेच्या मध्ये स्टूल कोणी ठेवलं म्हणून.

एका स्टुलाने डिस्प्ले बिघडतो??

अरे, दुकानात काय कुठे ठेवायचं यावर हे लोक किती डोकं चालवतात! रोज लागणारी वस्तू पार शेवटच्या टोकाला, म्हणजे तिथपर्यंत जाताना बाकी सगळं नजरेखालून जावं. ज्यात नफा जास्त ते डोळ्यांसमोर, स्वस्तातलं खाली, वाका आणि शोधा. गाणीसुद्धा अशीच नाही लावत. रोनाल्ड मिलिमन नावाच्या संशोधकाने १९८२ मध्येच दाखवलं होतं की सुपरमार्केटात संथ संगीत लावलं की लोक हळू चालतात, आणि त्याच्या प्रयोगात विक्री ३८ टक्क्यांनी जास्त झाली. म्हणजे गिऱ्हाइकाने रेंगाळावं म्हणून गाण्याचा वेगसुद्धा ठरवून ठेवणार, पण ज्याचे पाय दुखतात त्याने रेंगाळायचं कसं, हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

जागेचं भाडं असतं, खुर्ची ठेवली की एक रॅक कमी होतो, मान्य. पण हिशोबच करायचा तर आमचा करा ना. आम्ही निघालो होतो. त्या स्टुलामुळे पाऊण तास थांबलो, आईने तीन कुर्ते घेतले, माझ्यासाठी एक काढायला लावला. ही विक्री त्या मुलीची आहे, त्या लायटिंगची नाही.

मॉल ज्याच्या डोक्यातून निघाला तो व्हिक्टर ग्रूएन मूळचा व्हिएन्नाचा. १९५६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात त्याचं साउथडेल सुरू झालं, पूर्ण बंदिस्त, आत कायम एकसारखं हवामान असलेला तिथला पहिला मॉल. त्यात मधोमध झाडं होती, पक्ष्यांचा मोठा पिंजरा होता, लोकांनी बसावं, भेटावं, गप्पा माराव्यात म्हणून जागा होती. पुढे मॉलचं जे झालं ते बघून त्याने स्वतःच त्यातून अंग काढून घेतलं. आणि आत शिरल्यावर आपण कशाला आलो होतो हेच माणूस विसरतो ना, त्याला आज त्याच्याच नावाने ग्रूएन ट्रान्सफर म्हणतात. किती वाईट वाटलं असतं त्याला.

आणि ती मुलगी. आईने तिला विचारलं, "तू कधी बसतेस गं?" तर म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत. दिवसभर उभी! ब्रिटनमध्ये १८९९ मध्ये कायदा झाला होता की दुकानात काम करणाऱ्या दर तीन बायकांमागे निदान एक बैठक हवी. केरळने २०१८ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्याने दिला. म्हणजे माणसाला बसू द्या हे सांगायला कायदा लागतो, आणि जी स्वतः बसू शकत नाही तिलाच दुसऱ्याचे दुखणारे पाय दिसतात.

मॅनेजरलाही वरून कोणीतरी झापत असेल, असेल बाबा. त्याच्यावरचा राग आता जरा उतरलाय. पण तो बोलत होता तेव्हा मी हातात हँगर धरून गप्प उभी राहिले, ते मनातून जात नाहीये. ती मान खाली घालून स्टूल उचलायला वाकली तर आईच घाईघाईने उठली, रॅकला धरून.

आई मघापासून दोनदा विचारून गेली, त्या पोरीला नंतर अजून काही बोलले नसतील ना. उद्या दुकान उघडलं की फोन करून सांगणार आहे, स्टूल आम्हीच मागितलं होतं.