‘तुकडेबंदी उठली, आता मंजुरी कशाला?’ या मेसेजला उत्तर

सध्या आमच्या नांदेड-परभणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘तुकडेबंदी उठली. शहरालगत एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट बिनधास्त घ्या. ले-आउट मंजुरीची गरज नाही, हायकोर्टानंही तेच सांगितलंय. रजिस्ट्री झाली की प्लॉट तुमचा. राहिलंच काही तर गुंठेवारीत नियमित होईल.’ हे वाचून माणसं घरातलं सोनं मोडायला निघालीत, म्हणून एकेक वाक्य तपासतो.

‘तुकडेबंदी उठली.’ सरसकट नाही. 1947 चा हा कायदा शेतजमिनीचे बारीक तुकडे पडू नयेत म्हणून झाला. 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे अशी किमान मर्यादा आहे. 2025 च्या अखेरीस शहरी हद्दीतल्या बिगरशेती जमिनींना त्यातून सूट मिळाली. 15 ऑक्टोबर 2024 पर्यंतचे जुने व्यवहार शुल्काशिवाय नियमित करायची सोयही झाली. एवढं खरं. पण ले-आउटची, म्हणजे जमिनीत प्लॉट आणि रस्ते पाडायच्या नकाशाची, मंजुरी त्या कायद्यातली नव्हतीच, मग त्याच्यासोबत ती जाईल कशी? ती आहे 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात. तिथं ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येतच जमिनीची पोटविभागणी येते, आणि कलम 44 प्रमाणे त्यासाठी नगरपालिकेकडे किंवा महापालिकेकडे अर्ज करावा लागतो.

हायकोर्टाचं म्हणाल तर औरंगाबाद खंडपीठाचा निकाल 5 मे 2022 चा आहे. कमी क्षेत्राची रजिस्ट्री दुय्यम निबंधकांनी नाकारावी, असं 12 जुलै 2021 चं परिपत्रक होतं. ते कोर्टानं रद्द केलं. वाद होता दस्त नोंदवण्याचा. नगररचनेच्या परवानगीचा नव्हता.

‘रजिस्ट्री झाली की प्लॉट तुमचा.’ सगळ्यात जास्त माणसं इथंच फसतात. माझ्या मावसभावानं शहराच्या कडेला दीड गुंठा घेतला. खरेदीखत रीतसर झालं, मुद्रांक भरला, पेढे वाटले. खरेदीखताला जोडलेला नकाशा मी नंतर पाहिला. चौकटीच्या वहीच्या पानावर बॉलपेननं आखलेला, रस्त्याच्या जागी ‘20 फूट’ लिहिलेलं, ओपन स्पेस कुठंच नाही. जागेवर टेप धरला तर रस्ता भरला 11 फूट. कर्जाला गेला तर बँकेनं मंजूर ले-आउट मागितला. बांधकाम परवान्याला गेला तर तिथंही तोच कागद. आज त्या जागेवर चार खांब आणि तारेचं कुंपण आहे. वहिनी आणि पोरं अजून भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात.

मंजुरी म्हणजे नुसता शिक्का नव्हे. आर्किटेक्टनं काढलेल्या नकाशात रस्ते नियमातल्या रुंदीचे आहेत का, हे तिथं बघतात. जमीन 40 आर किंवा त्याहून मोठी असेल तर 10 टक्के खुली जागा सोडावीच लागते. आधी तात्पुरती मंजुरी, मग भूमी अभिलेखकडून जागेवर मोजणी, मग अंतिम मंजुरी. त्यानंतर प्लॉटचे उतारे वेगळे निघतात. उद्या कुणी रस्त्यात भिंत घातली तर दाखवायला तुमच्या हातात मंजूर नकाशा असतो. भावाच्या हातात वहीचं पान आहे.

‘60 दिवसांत उत्तर आलं नाही की मंजुरी मिळालीच’ असंही काही जण खाली जोडतात. कलम 45 मध्ये ही तरतूद आहे, पण नकाशा नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. बसत नसेल तर बांधकाम अनधिकृतच.

मंजुरीशिवाय पाडलेले गुंठ्या-गुंठ्यांचे प्लॉट नियमित करायचा गुंठेवारीचा कायदा 2001 चा. कधीपर्यंतचे प्लॉट त्यात धरायचे, ती मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 केली गेली. आज पाडलेला प्लॉट त्यात बसत नाही.

आणि मेसेजमध्ये नाव नसलेली, पण आपल्या मराठवाड्यात जागोजागी असलेली गोष्ट: मदतमाश, खिदमतमाश म्हणजे निजामकाळच्या इनामाच्या, आणि वर्ग-2 च्या, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनी. सातबाऱ्यावर असा शेरा दिसला तर ले-आउटच्या आधी तोच प्रश्न सोडवावा लागतो.

प्लॉट दाखवणाऱ्याला अंतिम मंजुरीचा क्रमांक आणि तारीख विचारा. ती घेऊन स्वतः नगररचना विभागात जा, मंजूर नकाशाची प्रत काढा आणि रस्ता जागेवर मोजा. भावाच्या शेजारचे काही प्लॉट अजून विकायचे आहेत. तिथं चौकशीला येणाऱ्यांना तो थांबवतो आणि ते वहीचं पान दाखवतो.