लीगमध्ये विझार्डला स्पेल मिळत नाहीत म्हणे

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) हा टेबलाभोवती बसून एकेक पात्र रंगवत खेळायचा खेळ. त्याच्या ॲडव्हेंचरर्स लीगमध्ये, म्हणजे एकच पात्र घेऊन कुठल्याही टेबलावर बसता येणाऱ्या संघटित खेळात, नवीन आलेल्याला हमखास मिळणारा एक सल्ला आहे: विझार्ड, म्हणजे पुस्तकातून जादू शिकणारं पात्र, घेऊ नकोस. कारणं ठरलेली. संघटित खेळात स्पेल (जादूचे मंत्र) फक्त लेव्हल वाढली की मिळतात, तेही दोनच. दुसऱ्याचं स्पेलबुक, म्हणजे मंत्रांची वही, उतरवणं हे घरच्या टेबलावरचे लाड. खात्रीचा मार्ग म्हणजे स्क्रोल, म्हणजे एका स्पेलची गुंडाळी. आणि जादा स्पेल जमवून उपयोग नाही, कारण एका दिवसासाठी तयार ठेवता येतात मोजकेच. मग सॉर्सरर, म्हणजे पुस्तकाविना उपजत जादू करणारा, काय वाईट?

पहिला मुद्दा घेऊ. पाचव्या आवृत्तीत विझार्ड पहिल्या लेव्हलचे 6 स्पेल घेऊन सुरू होतो आणि पुढच्या प्रत्येक लेव्हलला 2 फुकट मिळवतो. हे बरोबर आहे, पण हा तळ आहे, छत नव्हे. बाकीचे स्पेल उतरवून घ्यायचे: स्पेलच्या प्रत्येक लेव्हलमागे 2 तास आणि 50 गोल्ड. फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा, म्हणजे 6 तास, 150 गोल्ड. हा नियम लीगने रद्द केलेला नाही. एकाच टेबलावर खेळलेल्या दोन विझार्डांनी एकमेकांच्या पुस्तकातून उतरवून घेण्याची सोय लीगमध्ये आहे. डाउनटाइमचा (दोन साहसांमधल्या वेळेचा) हिशेब सीझननुसार बदलत गेला, इतकंच. देणाऱ्याचं काही जात नाही, त्याचं पुस्तक जसंच्या तसं राहतं. त्यामुळे टेबलावर दुसरा विझार्ड दिसला की तोंड वाकडं करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. अहो, तो तुमचं ग्रंथालय आहे!

या गैरसमजाचं मूळ बहुधा 2018च्या आठव्या सीझनमध्ये असावं. साहसात सापडलेलं सोनं तेव्हा खिशात पडेनासं झालं आणि लेव्हल वाढल्यावर ठरावीक रक्कम मिळू लागली. 50 गोल्डचा दर तोच आणि मिळकत तुटपुंजी, म्हणून विझार्डवाले वैतागले, ते योग्यच होतं. पण ती व्यवस्था पुढे बदलली. तक्रार मात्र तशीच फिरत राहिली.

स्क्रोल खात्रीचा, हे तर सरळ उलटं आहे. पुस्तकातून उतरवताना फासा टाकावा लागत नाही. स्क्रोलवरून उतरवताना अर्काना चेक (जादूच्या ज्ञानाची परीक्षा, वीस बाजूंचा फासा अधिक बोनस) लागतो, डीसी म्हणजे गाठायचा आकडा 10 अधिक स्पेलची लेव्हल. पाचव्या लेव्हलचा, इंटेलिजन्स 18 असलेला आणि अर्काना शिकलेला विझार्ड फायरबॉलच्या स्क्रोलवर +7 घेऊन बसतो, डीसी 13. म्हणजे चारातून एकदा अपयश. आणि जमो न जमो, स्क्रोल नष्ट होतोच! शिवाय स्पेल विझार्डच्या यादीतला हवा, आणि तुमच्याकडे स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधी) आहेत त्याच लेव्हलपर्यंतचा हवा. क्लेरिकचा (देवाच्या कृपेने जादू करणाऱ्याचा) स्क्रोल सापडला म्हणून नाचू नका.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची लीग म्हणजे पाथफाइंडर सोसायटी. तिच्या पहिल्या आवृत्तीत हा फरक पैशांत दिसायचा. तिसऱ्या लेव्हलचा स्क्रोल 375 गोल्डला, वर लिहिण्याचा खर्च 90. तोच स्पेल एखाद्या एनपीसी (खेळाडूच्या हाती नसलेल्या) विझार्डच्या पुस्तकातून घेतला, तर लिहिण्याचे 90 आणि फी त्याच्या निम्मी, 45. एकूण 135. तरीही लोक स्क्रोल घ्यायचे.

‘लेव्हलला दोन’ ही सृष्टीच्या आरंभापासूनची रीत असल्यासारखं बोललं जातं, तेही खरं नाही. 1989च्या एडी अँड डी (ॲडव्हान्स्ड डी अँड डी) दुसऱ्या आवृत्तीत साध्या मेजला, म्हणजे तेव्हाच्या विझार्डला, लेव्हल वाढली म्हणून आपोआप काही मिळेलच असं नव्हतं. बरंचसं डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) मर्जीवर. सापडलेला स्पेल समजेल याचीही हमी नसे, इंटेलिजन्स 16 असेल तर 70 टक्के. तेव्हा दुसऱ्यांची पुस्तकं आणि स्क्रोल हाच मुख्य रस्ता होता.

आता ‘जादा स्पेलचं करायचं काय’. आकडे आधी: वर सांगितलेल्या पाचव्या लेव्हलच्या विझार्डच्या पुस्तकात काही न उतरवताही 14 स्पेल, आणि तयार ठेवता येतात 9. इथे आक्षेपात तथ्य वाटतं. पण रिच्युअल (विधीसारखे सावकाश करता येणारे स्पेल) तयार ठेवावेच लागत नाहीत, पुस्तकात असले की पुरे. डिटेक्ट मॅजिक, आयडेंटिफाय, फाइंड फॅमिलिअर, कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस: 10 मिनिटं जास्त द्या आणि स्लॉट न खर्चता चालवा. हे पहिल्या लेव्हलचे, म्हणून उतरवायला प्रत्येकी 50 गोल्डच, आणि जवळजवळ प्रत्येक विझार्डकडे यातला एखादा असतोच. म्हणून फुकटच्या दोन जागा यांच्यावर घालवू नयेत, असं माझं मत. तिथे असे स्पेल घ्या जे इतरांच्या पुस्तकांत क्वचित सापडतात.

एका बाबतीत मात्र सल्ला देणारे बरोबर आहेत. घरच्या खेळात मेलेल्या खलनायकाचं पुस्तक झोळीत टाकून महिन्यांनी सवडीने उतरवता येतं. संघटित खेळात ही चैन नाही. पाथफाइंडर सोसायटीत सिनारिओमध्ये (एका बैठकीच्या साहसात) हाती आलेलं पुस्तक सिनारिओ संपायच्या आत उतरवून घ्यावं लागायचं. क्रॉनिकल शीटवर (खेळानंतर मिळणाऱ्या नोंदपत्रावर) नसेल ते पुढच्या खेळात तुमचं नाही. तेव्हा लढाई संपली की विचारा, पुस्तक आहे का, आणि किती तास हाताशी आहेत.

राहिला सॉर्सरर. 2014च्या नियमांत पाचव्या लेव्हलला त्याला कँट्रिप (स्लॉट न लागणारे साधे स्पेल) सोडून 6 स्पेल येतात, आणि उतरवून घ्यायची सोयच नाही. मेटामॅजिकसाठी, म्हणजे स्पेल टाकताना त्याचं रूप बदलण्याच्या कलेसाठी, तो जरूर घ्या. जास्त स्पेल मिळतील म्हणून नको.