गच्चीवर तापून पेशी पक्क्या होत नाहीत

अकोल्याचे मामा भर दुपारी गच्चीवर जाऊन बसतात, तेही पाणी न पिता, असा मामीचा फोन आला. कारण एक फॉरवर्ड. त्यात म्हटलंय: दुपारी १२ ते ३ उन्हात बसा, त्या वेळात पाणी पिऊ नका, पेशींत ‘हीट शॉक प्रोटीन’ तयार होतं, २१ दिवसांत पेशी जन्मभरासाठी उष्णतारोधक होतात, खिशात कांदा ठेवला तर परिणाम दुप्पट, आणि या शोधाला जपानी शास्त्रज्ञाचं नोबेल आहे. मामा सत्तरीचे, रक्तदाबाची गोळी चालू, तीही लघवी वाढवणारी. तेव्हा सौम्य भाषेची अपेक्षा ठेवू नका.

हीट शॉक प्रोटीन ही थाप नाही, हे मान्य करावं लागतं. इटलीच्या फेरुच्चिओ रितोसाच्या इन्क्यूबेटरचं तापमान कुणीतरी वाढवून ठेवलं आणि त्याला फळमाशीच्या गुणसूत्रांवर नवेच फुगवटे, म्हणजे कामाला लागलेली जनुकं, दिसले. हे त्याने १९६२ मध्ये छापलं. पेशी तापली की आतल्या प्रथिनांच्या घड्या विस्कटतात, ती एकमेकांना चिकटू लागतात. एचएसपी-७० सारखी हीट शॉक प्रोटीनं (थोडक्यात एचएसपी) त्यांना सावरायला धावतात. एरवी एचएसएफ-१ या प्रथिनाला हीच दाबून ठेवतात. आता ते मोकळं सुटतं आणि आणखी एचएसपी बनवायला लावतं. अशी थोडी तापलेली पेशी नंतर जास्त उष्णता सोसते, हेही खरं.

पण जन्मभर? ही ताकद काही तासांत येते आणि काही दिवसांत ओसरते. शिवाय त्या काळात पेशीने नेहमीची बरीचशी प्रथिनं बनवणं थांबवलेलं असतं. दुकानाला आग लागली की गल्ला सोडून सगळे बादल्या घेऊन धावतात, तसली ही धावपळ. तिला टॉनिक म्हणणारा माणूस कोण, ते फॉरवर्डमध्ये नाही.

आता पाणी. बाकीचं हसण्यावारी नेता येईल, हे नाही. मे महिन्यात अकोल्याची हवा अंगापेक्षा गरम असते, तेव्हा शरीराला आतली उष्णता बाहेर टाकायला घामाशिवाय मार्ग उरत नाही. पाणी तोडलं की घाम आटतो, त्वचेकडे रक्त कमी जातं आणि आतलं तापमान चढतं. बूशामा आणि नॉखेल यांचा उष्माघातावरचा लेख २००२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि मेंदूवर परिणाम, ही त्यांची उष्माघाताची व्याख्या. माणूस सोसू शकतो ती कमाल त्यांनी दिलीय ४१.६ ते ४२ अंश, तीही ४५ मिनिटं ते ८ तास. नेहमीच्या ३७ पासून हे अंतर पाच अंशांपेक्षा जास्त नाही. एचएसपीचा उल्लेख त्याच लेखात आहे आणि तो मामांच्या विरोधात जातो: ही प्रथिनं कमी पडली तर उष्माघाताकडे घसरण्याचा धोका वाढू शकतो, आणि ती कमी पडण्याच्या कारणांत म्हातारपण आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात माणसं तासन्‌तास उन्हात बसली होती. जी दगावली, त्यांच्या पेशींतही हीट शॉक प्रोटीन बनत होतंच.

‘पण उन्हाची सवय होतेच की!’ होते. एक-दोन आठवडे रोज थोडं थोडं काम वाढवत नेलं तर घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातला द्रव वाढतो. म्हणजे सवय झालेल्याला पाणी उलट जास्तच लागतं. आणि काही आठवडे सावलीत काढले की ती सवयही जाते.

नोबेल? जपानच्या योशिनोरी ओसुमींना २०१६ मध्ये ते ऑटोफॅजीसाठी मिळालं. पेशी स्वतःचाच भंगारमाल मोडून पुन्हा वापरते, तो वेगळा विषय.

कांद्याची तर गंमतच आहे. त्यात क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य असतं, आणि प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींवर ते वापरतात एचएसपी बनणं रोखायला! अर्थात खिशातला कांदा काहीच करत नाही, ना बरं ना वाईट. जेवताना भाकरीबरोबर खुशाल खा. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर मात्र कांदा शोधत बसू नका: सावलीत आणा, अंगावर गार पाणी ओता, पंखा लावा, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.