‘रॅम्प फक्त सरकारी ऑफिसला लागतो’ हे खरं नाहीये भो

गेल्या पंधरा दिवसांत तोच मेसेज मला चार ग्रुपवर आला, भुसावळच्या, धुळ्याच्या, आमच्या गल्लीच्यासुद्धा. त्यात म्हटलंय की दिव्यांगांसाठी रॅम्प, लिफ्ट, संडास वगैरे फक्त सरकारी इमारतीला बंधनकारक आहे, खाजगी दुकान-दवाखाना-क्लासला काही नाही, वरून सुप्रीम कोर्टानं तो नियमच रद्द केलाय, खर्च लाखात जातो, आणि तसंही व्हीलचेअरवालं गिऱ्हाईक येतंच किती. माझ्या ताईला लहानपणी पोलिओ झाला, तिची व्हीलचेअर मी पंधरा वर्षं ढकलतोय, आणि वडील गवंडी, त्यामुळे यातला कायदा पण आणि सिमेंट पण थोडंफार कळतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, ‘फक्त सरकारी’. कायदा आहे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम २ मध्ये ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे काय हे लिहूनच ठेवलंय, सरकारी किंवा खाजगी अशी कुठलीही इमारत जिथं सर्वसामान्य लोक येतात-जातात, आणि त्यात शिक्षण, कामाची जागा, व्यापार, देवस्थान, करमणूक, दवाखाना, रेल्वे स्टेशन, बसस्टँड सगळं येतं. म्हणजे मालक कोण आहे याला महत्त्व नाहीये, लोक तिथं येतात की नाही एवढंच बघायचं. कलम ४६ मध्ये तर सेवा देणारा सरकारी असो का खाजगी असं स्पष्टच आहे. कलम २५ मध्ये खाजगी हॉस्पिटलचा वेगळा उल्लेख आहे, तिथल्या सगळ्या भागांत अडथळ्याशिवाय जाता आलं पाहिजे. सगळ्या भागांत, नुसतं रिसेप्शनपर्यंत नाही.

हे एवढं जोर देऊन सांगतोय कारण मागच्या मे महिन्यात ताईची सोनोग्राफी होती, जिल्ह्यातल्याच एका खाजगी दवाखान्यात, मशीन पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. ऊन असं की खुर्चीच्या दांड्याला हात लावला तर चटका बसत होता. दोन वॉर्डबॉयनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यानं वर नेलं, पन्नाशीची बाई, साडी सावरत, आणि जिन्यात उभे असलेले सगळे बघताहेत. पोरं चांगली होती, त्यांचा काही दोष नाही. पण पुढच्या तारखेला ताई म्हणाली, “ऱ्हाऊ दे भाऊ, नही जानं माले.” ती तपासणी तीन महिने लांबली. मेसेज लिहिणाऱ्याला हे कळावं असं मला मनापासून वाटतं.

आता कोर्टाचा मुद्दा, यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच तो जास्त पसरतोय. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी केसमध्ये सुप्रीम कोर्टानं याच कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांमधला नियम १५(१) बेकायदेशीर ठरवला हे बरोबर. पण का ठरवला ते मेसेजमध्ये नाहीये. कोर्टाचं म्हणणं असं की मूळ कायदा सक्ती करतो आणि हा नियम मात्र मार्गदर्शक सूचना द्यायचं काम करतो, जमलं तर करा अशा थाटाच्या, तर असं चालणार नाही, किमान मानकं बंधनकारक करा, आणि त्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. म्हणजे नियम ढिला होता म्हणून कोर्टानं काढला, घट्ट करायला सांगितलं, आणि आपल्याकडे त्याचा अर्थ लावला की सुटलो! मूळ कायद्याला तर कोर्टानं हातही लावलेला नाही. कलम ४४ तसंच आहे, मानकं पाळली नाहीत तर इमारतीला कम्प्लिशन सर्टिफिकेट द्यायचं नाही. शिवाय राज्याची बांधकाम नियमावली, २०२० ची युडीसीपीआर, जी आपल्या जळगाव-धुळ्याला पण लागू आहे, तिच्यातसुद्धा अडथळामुक्त प्रवेशाची तरतूद आहे. नकाशा मंजूर करताना रॅम्प दाखवायचा आणि नंतर तिथं पानटपरीला जागा भाड्यानं द्यायची, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

खर्च. लिफ्ट महाग आहे, मान्य. पण बहुतेक दुकानांचा प्रश्न लिफ्टचा नसतो, एक-दोन पायऱ्यांचा असतो. रॅम्पचं माप १ ला १२, म्हणजे पायरी सहा इंच असेल तर उतार सहा फूट लांब पाहिजे, दोन पायऱ्या मिळून फूटभर चढ असेल तर बारा फूट. रुंदी चार फूट, बाजूला धरायला दांडा, दरवाजा तीन फूट मोकळा. सहा इंचाच्या उताराला वडील म्हणायचे हे एका दिवसाचं काम आहे, विटा, थोडी वाळू-सिमेंट, वरून खरखरीत कोबा. आपल्याकडे दुकानापुढं जो उतार असतो ना, तो मोटारसायकल चढवायला केलेला असतो, दीड फुटात सहा इंच चढवलेला, त्याच्यावर व्हीलचेअर नेली तर माणूस मागच्या मागं पडतो. ‘आमच्याकडे रॅम्प आहे’ म्हणणाऱ्यांनी एकदा टेप लावून बघा. आणि नवीन बांधकामात तर हा खर्च वेगळा दिसत पण नाही, जोत्याची उंची ठरवतानाच विचार केला की झालं, तोडफोड करावी लागते ती नंतर आठवल्यामुळे.

‘येतच नाहीत’ याला काय उत्तर देऊ. पायऱ्या आहेत म्हणून येत नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, महाराष्ट्रात २९ लाखांच्या वर, आणि तेव्हा कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. आपल्या जळगावातच दीपस्तंभच्या मनोबल केंद्रात दिव्यांग पोरं-पोरी बाहेरगावाहून येऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात, त्यांना पण पुस्तकं, औषधं, कपडे लागतात. आणि गुडघे बदललेली आजी, पोटुशी बाई, बाबागाडीतलं लेकरू, त्यांना पण तोच उतार लागतो.

मेसेजच्या शेवटी दिव्यांगाचं खोटं सर्टिफिकेट काढणाऱ्यांवर राग काढलाय. त्यासाठी कलम ९१ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, करा तक्रार. त्याचा रॅम्पशी काय संबंध? रॅम्प चढायला कुणी सर्टिफिकेट दाखवत नाही.

ॲपचं पण थोडक्यात सांगतो, कारण ‘ऑनलाइन मागवा ना’ असं खाली कुणीतरी लिहिलंय. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांच्या केसमध्ये, ऑनलाइन ओळख पटवताना (केवायसीला) डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून अडवलेली माणसं होती ती, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलंय. ऑनलाइनला पण तोच हक्क लागू आहे.

एक गोष्ट मात्र खरी आहे की दंड फार नाही. कलम ८९ खाली पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुन्हा केलं तर पन्नास हजार ते पाच लाख, आणि पहिला दंड होईपर्यंतच लोक थकून जातात. तरी पण तक्रार करा, राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं ऑफिस पुण्याला आहे, त्यांना दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत आणि त्यांनी शिफारस केली की संबंधित खात्याला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं, नाही केलं तर कारण द्यावं लागतं. पायरीचा फोटो काढा, बाजूला टेप धरा म्हणजे उंची दिसेल, तारीख आणि पूर्ण पत्ता लिहा. मी त्या दवाखान्याची तशी पाठवलीये.