भाची पोहते आणि अख्खं खानदान काठावर

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या एकच विषय चाललाय. माझी भाची पुण्यात बालेवाडीला पोहते, बटरफ्लाय स्ट्रोक तिचा मेन इव्हेंट, राज्य स्पर्धेत मेडलं आहेत, आणि आता दहावी लागतेय. तर अर्ध्या लोकांचं म्हणणं वर्षभर पोहणं बंद करा, दहावी एकदाच येते. उरलेल्या अर्ध्यांनी चीनच्या यू झिदीचा फोटो टाकलाय, बघा १२ वर्षांची पोर, २०२५ ला सिंगापूरच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला तीन इव्हेंटमध्ये चौथी आली, वर रिलेचं ब्राँझ, आणि आपली १४ ची झाली तरी अजून नॅशनलच्या कट-ऑफशीच झगडतेय. आणि दोन्ही पार्ट्या शेवटी माझ्याकडे वळतात, कारण मी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला राहतो. "तिकडे कसं असतं ते सांग रे यांना."

सांगतो ना. पोहणारी शेन गुल्ड इथलीच. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला १५ वर्षांची होती, एकटीच्या इव्हेंटची तीन गोल्ड घेतली आणि १६ व्या वर्षी सोडून मोकळी झाली. इयन थॉर्प पण इथलाच, १४ व्या वर्षी देशाच्या टीममध्ये, १५ व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन, सिडनी ऑलिम्पिकला १७ व्या वर्षी तीन गोल्ड, आणि २४ ला रिटायर, पुढे स्वतःच सांगितलं की डिप्रेशन होतं, दारू होती. हे पण "तिकडे"च आहे, पण हे कोणी फॉरवर्ड करत नाही. फॉरवर्ड फक्त पोडियमचा फोटो होतो.

आणि काकांनी मध्येच वीरधवल खाडे काढला. कोल्हापूरचा पोरगा, २००८ ला बीजिंग ऑलिम्पिक, २०१० ला ग्वांगझूला ५० बटरफ्लायचं ब्राँझ, एशियाडमध्ये पोहण्यात आपल्याला २४ वर्षांनी मेडल मिळालं होतं. काकांना यातलं काही नको, त्यांना एवढंच सांगायचं की बघा, शेवटी तहसीलदारकीच कामाला आली. अहो काका, तहसीलदार झाल्यावर तोच माणूस २०१८ ला जकार्ताच्या एशियाडला परत उतरला आणि ५० फ्रीस्टाईलचं ब्राँझ एका शतांश सेकंदाने हुकलं. नोकरी लागली म्हणून पाणी सुटत नाही. पण आपल्याकडे खेळ म्हणजे एकतर ऑलिम्पिक नाहीतर खेळाच्या कोट्यातली नोकरी, मधलं काही दिसतच नाही कोणाला. मुरलीकांत पेटकर आपल्या पुण्यातच राहतात, १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकला पोहण्यात गोल्ड, म्हणजे शेन गुल्डच्याच वर्षी, तिच्याच जर्मनीत. पद्मश्री कधी? २०१८. आणि आम्ही निघालो चीनशी तुलना करायला.

आम्ही टिळक टँकवर पाठीला डबा बांधून शिकलो, उन्हाळ्याची बॅच, आणि पोहून आल्यावर जी भूक लागायची तशी नंतर कधी लागली नाही. टायमिंग कोणी विचारलं नाही, डबा सुटला की नाही एवढंच विचारायचे. आता हे लिहिताना वाटतंय की मी पण म्हातारा काकाच झालोय, जाऊ दे.

मागच्या डिसेंबरात पुण्याला येताना तिच्यासाठी रेसिंग सूट आणला होता. ताईने मापं पाठवली, दुकानातली मुलगी म्हणाली यापेक्षा एक साईझ लहान घ्या. हातात घेतला तर बाहुलीचा कपडा वाटावा आणि किंमत पैठणीची. मीटच्या दिवशी तो चढवायला ताईला वीसेक मिनिटं लागली. पायात कॅरीबॅग घालून वरून सरकवायचा, नख लागू द्यायचं नाही, चिमटीत धरून इंच इंच वर, दोघी घामाघूम, आणि रेस सगळी मिनिट-सव्वा मिनिटाची. मी गॅलरीत बसून सगळ्यांना सांगत होतो की पोरीला एन्जॉय करू द्या, प्रेशर नको, आणि शिट्टी झाल्यावर मोबाईलवर स्टॉपवॉच लावणारा पण मीच.

इथे माझा मुलगा पण पोहायचा. शुक्रवारची स्विमिंग क्लबची क्लब नाईट, शाळेचा कार्निव्हल म्हणजे पोहण्याच्या शर्यती, दोन-चार रिबन. मग एक दिवस म्हणाला सोडतो, टच फूटी (नुसता हात लावून खेळायचं रग्बी) खेळतो. कोच म्हणाला नो वरीज. शेजारी सॉसेज उलटत असलेल्या बापाने तर मान पण वर केली नाही. ग्रुपवर मी हा किस्सा मोठ्या ऐटीत सांगितला, बघा इथे किती हेल्दी वातावरण. ते हेल्दी आहेच, पण त्या रात्री मला झोप लागली नव्हती हे सांगितलं नाही. पुण्यात भाचीने सोडलं तर वॉचमनपासून वाण्यापर्यंत सगळे विचारतील का गं सोडलंस, डोकं उठवतील तिचं. इथे माझ्या पोराचं कोणाला काही पडलेलं नाही, कारण आम्ही इथे कोणाचे कोणी लागत नाही.

पॅरिसला २०२४ मध्ये धिनिधी देसिंगू, १४ वर्षांची, बंगळुरूची, २०० फ्रीस्टाईलच्या हीटला, म्हणजे पहिल्या फेरीला, उभी राहिली तर मी सोफ्यावरून उठून उभा. एकूण २३ वी आली. मुलगा हसत होता. फायनल आमच्याकडे पहाटे लागली, मॉली ओकॅलहनला गोल्ड, टिटमसला सिल्व्हर, दोघी ऑस्ट्रेलियाच्या, तो ओरडत नाचत होता आणि मी चहा टाकला. ओकॅलहनच्या आणि धिनिधीच्या वेळेत जवळपास पावणेचौदा सेकंदांचा फरक, आणि आमच्या घरात पण तेवढाच.

तर माझं मत विचारलंत म्हणून सांगतो, दहावीतही पोहू द्या तिला, आठवड्यात दोन सेशन कमी करा हवं तर, आणि चीनचा फोटो काढून टाका. ताई यावर एवढंच म्हणाली, तुला तिकडून बोलायला काय जातंय. बरोबर आहे, पहाटे सव्वाचारला उठून थंडीत कोथरूडहून बालेवाडीपर्यंत अ‍ॅक्टिव्हा ती चालवते. पोरीने खरंच सोडलं तर ताईची निदान झोप तरी होईल. सगळ्यात जास्त चरफडेन मीच, कारण इथे ऑफिसात स्विमिंगचा विषय निघतोच, प्रत्येकाचं कोणी ना कोणी पोहत असतं, आणि माझ्याकडे सांगायला तेवढी एकच आहे.